पिठाचा पांढरा

जळगाव, ४ मे २०२५

प्रेमराज,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी आहेत. शेवटपर्यंत वाचलंस तर मिळतील.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. तुझ्याच लेकीचं आहे. तुझ्या आईला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि जळगावात मी राहते तिच्याकडे, तर लिहायला दुसरं कोण आणू? पत्र माझं, हात नूतनचा. मी आपली अहिराणीत बोलते, ही ते पुस्तकी करून उतरवते. कुठं मी फार शहाणी वाटले तर तो तिचा हात समज.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि सुलक्षणाच्या हातात देतोस. पत्र बायकोच्या हातात दिलंस तरी ती तुला वाचूनच दाखवील.

अक्षय तृतीयेची आखाजी झाली. बठ्ठ्या, साऱ्या खान्देशातल्या लेकी माहेरी आल्या, झोके खेळल्या, तुझी लेक जळगावात दुकानात बसून कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो छापत होती. तू बोलावलं नाहीस. सलग दुसरी आखाजी. मग मीही धुळ्याला आले नाही. आमरस इथं डब्यातला खाल्ला. डब्यातला आमरस म्हणजे काय ते तुला खाल्ल्याशिवाय कळायचं नाही, आणि तुझ्यावर ती वेळ येऊ नये. हा पहिला आशीर्वाद मध्येच देऊन टाकला.

आता काम सांगते. आमच्या शेजारची कुंदाबाई गेली. बाई देखणी होती. मी तेराव्याच्या दिवसाला गेले तर भिंतीवर हार घातलेली कोण म्हणून विचारावं लागलं. पोरांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. तोंड असं, की नुकतीच कोंबडी चोरताना धरली आहे. मागे निळं आभाळ दिलं होतं आणि अंगावर कुठल्या तरी परक्या बाईचा शालू चिकटवला होता. मी तिथंच ठरवलं. माझा हाराचा फोटो मी जिवंतपणी करून घेणार, आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय तो भिंतीवर चढणार नाही.

माझा चांगला फोटो एकच आहे. तू कॉलेजात असताना कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होतास आणि मी चुलीपुढं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते. तू काही ऐकेनास. मी पिठाचा हात उगारून ओरडले, "भाकर जळी रायनी!" आणि ओरडता ओरडता हसले. तेवढ्यात तू खटका दाबलास. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके दिसतात, गालाला पीठ लागलेलं दिसतं. कागदावरचा फोटो पुरात गेला, पण निगेटिव्ह तुझ्या पत्र्याच्या डब्यात आहे. ते पाठव. नूतन छापील.

यात दुसरं काही कारण नाही.

(आजीनं "दुसरं काही कारण नाही" हे तीनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलंय. – नू.)

आता उरलेले आशीर्वाद.

तुझी माय,
ताईबाई


जळगाव, २१ मे

प्रेमराज,

निगेटिव्ह पोचलं. एसटीतला अभिमन स्वतः दुकानात येऊन देऊन गेला. म्हणाला, "काकांनी सांगितलंय, बॅगेत टाकायचं नाही, वरच्या खिशात ठेवायचं." तिकिटं फाडताना सुद्धा तो खिशावर एक हात ठेवून होता म्हणे. लोकांना वाटलं असेल याच्या छातीत दुखतंय.

पाकिटात तुझी एक ओळ नव्हती. पण निगेटिव्हवर धुळीचा एक कण नव्हता, हे तुझ्या लेकीनं मला दोनदा सांगितलं. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण मग तिला पाणी प्यायला जावं लागलं.

आता छपाई कशी झाली ते ऐक. मी स्टुलावर बसून सगळी बघितली. मला वाटत होतं काळा फोटो म्हणजे काळी शाई. तसं नाही. त्या यंत्रात शाईच्या बाटल्यांची रांगच आहे. काळी आहे, करडी आहे, त्याहून फिकी करडी आहे, आणि निळी, गुलाबी, पिवळीसुद्धा आहे. मी म्हटलं, "काळ्या-पांढऱ्याला हा होळीचा बाजार कशाला?" तर म्हणते, नुसत्या काळ्यानं करडा रंग खरबरीत येतो, म्हणून यंत्र सगळे रंग थोडे थोडे मिसळून करडा बनवतं. आणि मिसळताना थोडं कमीजास्त झालं की फोटो हिरवट होतो, नाहीतर जांभळट.

यावर तोड म्हणून ती प्रोफाइल करते. नव्या कागदावर आधी फोटो छापत नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे बारके चौकोन छापते. ते वाळू देते. मग इस्त्रीएवढं एक यंत्र त्या चौकोनांवरून ओढते. ते यंत्र सांगतं, इथं पिवळं जास्त पडलंय, इथं निळं कमी आहे. त्याचा हिशेब संगणकात राहतो, त्याचं नाव प्रोफाइल. ते त्या कागदापुरतं आणि त्या शाईपुरतंच. कागद बदलला की नवं. मी म्हटलं, म्हणजे सुनेसारखं, प्रत्येक घरात मिठाचा हात नव्यानं बसवायचा.

तू तुझ्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये कागदाची एक चिंधी आधी धुऊन बघायचास, तसंच मला हे वाटलं. तसं मी बोलले. ती म्हणाली, "नानांना सांगू नकोस." म्हणून लिहायला लावते आहे.

फोटो सोबत आहे. मला आवडला. पण तू खटका दाबला होतास तेव्हा मी जशी होते तशी दिसते का, हे तूच सांगू शकतोस. बघ आणि कळव.

तुझी माय


जळगाव, ६ जून

प्रेमराज,

फोटो परत आला. मागच्या बाजूला तुझी पेन्सिल. "पिठाला हळद लागली आहे. पिवळा."

दोन वर्षांत तू लेकीला लिहिलेले हे पहिले शब्द. माझ्या नावानं लिहिलेस म्हणून काय झालं? मला वाचता येत नाही, हे तुला माहीत होतं की!

तिनं ते वाचलं. फोटो उन्हात नेला, ट्यूबलाइटखाली नेला. मग ती मोजायची इस्त्री फोटोतल्या माझ्या गालावरच्या पिठावर टेकवली. यंत्र म्हणालं पीठ पांढरं आहे, पिवळं काही नाही. मी म्हटलं, यंत्राला सांग तुझी आणि प्रेमराजची ओळख नाही म्हणून असं म्हणतोस.

मग मला कळलं तिला काय आठवलं. तेच तुलाही आठवत असणार. तुम्ही दोघं ते दोन टोकांना धरून बसला आहात. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी तुझ्या स्टुडिओत बाकावर होते, मी ऐकलं ते असं. ही नव्या यंत्रावरचा पहिला फोटो घेऊन हौसेनं धुळ्याला आली.

तू म्हणालास, "पिवळा आहे."

ही म्हणाली, "नाना, मोजून छापलाय."

"मोजून भाजी घेतात. फोटो बघून करतात."

"मग तुमचा डोळाच जुना झालाय."

तू फोटो टेबलावर उलटा ठेवलास आणि भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलंस. पुढच्या महिन्यात स्टुडिओ बंद केलास. लोकांना सांगितलंस, आता गिऱ्हाईक राहिलं नाही.

(आजी, हे सगळं लिहायची गरज नव्हती. – नू.)

गरज होती. लिहिते कोण, मी की तू?

तर प्रेमराज, तुझ्या म्हणण्याप्रमाणे तिनं थोडी निळी वाढवली आहे. तिचं मन नव्हतं. "यंत्र बरोबर असताना मी चूक का छापू?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्या हाराचा फोटो आहे, मी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं.

दुसरा फोटो सोबत आहे. अभिमनच्या खिशात.

तुझी माय


जळगाव, २७ जून

प्रेमराज,

दुसऱ्या फोटोमागं तू लिहिलंस, "अजून पिवळा." तिनं आणखी निळी घातली. तिसऱ्यामागं लिहिलंस, "फरक नाही." तिनं रागारागानं चौथा छापला. तो बघून मी हसले. कुणी तरी माझ्यावर नीळ ओतून मला दोरीवर वाळत घातलंय असा तो फोटो. तोही तू परत पाठवलास. "थोडा राहिला."

नूतन आज सकाळी म्हणाली, "आजी, नाना मुद्दाम करतात. मला खोटं पाडायचं आहे त्यांना. मी आता एकही छापणार नाही, आणि तुझी पत्रंही लिहिणार नाही." आणि चारही फोटो माझ्या मांडीवर टाकून दुकान उघडायला गेली. हे पत्र तिला शेवटचं म्हणून लिहायला बसवलंय.

मी ओट्यावर बसले. फोटो एकेक करून बघितले. ऊन होतं म्हणून एक डोळा मिटला.

आता नीट वाच. माझा उजवा डोळा थंडीत केला, मोतीबिंदूचा. डावा राहिलाय. त्या वेळी पट्टी सोडली तेव्हा मी नर्सबाईला म्हटलं होतं, "तुम्ही कपडे बदलून आलात का? काल पिवळट होते." बाई हसली, सगळे असंच म्हणतात म्हणाली. तेव्हापासून मला दोन डोळ्यांनी दोन जगं दिसतात. उजव्यानं दूध पांढरं, डाव्यानं त्यात हळद. रोजचंच झालं म्हणून मी कुणाला सांगत बसले नाही.

आज मी उजवा मिटून डाव्यानं पहिला फोटो बघितला. पिठाला हळद लागली होती.

दुसरा बघितला. अजून पिवळा. चौथा डाव्या डोळ्यानं बघितला तर तो तेवढा निळा नव्हताच. थोडा राहिला होता. तू लिहिलंस तसाच, अक्षर न् अक्षर.

नूतन थांबली आहे. लिही गं. पेन खाली ठेवू नकोस, हे तुलाच ऐकवायचं आहे.

तुझा बाप तुला खोटं पाडत नाहीये. त्याला दिसतं ते तो लिहितोय. दोन वर्षांपूर्वीही त्याला दिसलं तेच तो बोलला. आणि तू म्हणालीस डोळा जुना झालाय. तू चिडून बोललीस, तुला काय माहीत. त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं तुला उलट उत्तर दिलं नाही, शटर ओढलं. गिऱ्हाईक गेलं नव्हतं, प्रेमराज. तुझं तुलाच दिसेनासं झालं होतं, आणि फोटोवाल्यानं ते कुणाला सांगायचं?

मी चूक असेन तर तसं लिही. पण पेन्सिलीचं तुझं अक्षर दर फोटोला मोठं होत गेलंय आणि चौथ्यामागची ओळ कागदाच्या काठावरून खाली उतरली आहे, असं नूतनच म्हणत होती. रागानं लिहिलंय असं तिला वाटत होतं.

ती आता रडते आहे. अक्षर बिघडलं तर माझ्यावर घालू नकोस.

उत्तर पाठवू नकोस. तू "हं" लिहिशील. मी गुरुवारी अभिमनच्या गाडीनं धुळ्याला येते. चारही फोटो घेऊन येते. माझा हाराचा फोटो अजून व्हायचाय, तेव्हा मी मरणार नाही, याची खात्री बाळग.

तुझी माय


धुळे, ८ जुलै

नूतन पोरी,

आज हात तुझ्या आईचा. प्रेमराज आत झोपलाय. सुलक्षणा हळूच लिहिते आहे आणि मी हळूच बोलते आहे. तुझ्या आजीला हळू बोलायला लावलं यावरून इथली परिस्थिती ओळख.

मी आले त्या दिवशी तो म्हणाला, "माय, डोळे ठणठणीत आहेत." मी म्हटलं, "बरं. मग पायातले मोजे बघ." एक काळा होता, एक निळा. तो म्हणाला, दोन्ही काळेच आहेत. सुलक्षणा दारातच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी नाही.

मग तिनंच सांगितलं. दोन वर्षं हे अंधार पडल्यावर गाडी काढत नाहीत. पेपर खिडकीत धरून वाचतात. आणि "नूतनला सांगितलंस तर बघ" अशी तंबी दिलेली. मी म्हटलं, "सूनबाई, इतकी आज्ञाधारक तू माझ्या बाबतीत कधी नव्हतीस." ती म्हणाली, "सासूबाई, तुम्ही कधी घाबरलेल्या दिसला नाहीत. हे दिसले."

डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. त्याला भीती ऑपरेशनची नाही. म्हणतो, "डोळा बदलला की मी आजवर जे काळं-पांढरं केलं ते चूक निघालं तर?" हे त्यानं मला भाकरी वाढताना सांगितलं, सहज सांगितल्यासारखं. मी म्हटलं, "तुझं वय तिशीत होतं तेव्हा डोळा स्वच्छ होता. तेव्हाचं सगळं बरोबरच आहे. चूक निघाली तर गेल्या चार-पाच वर्षांतली निघेल. आणि त्यातली नूतनच्या फोटोची आधी निघू दे."

त्यानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. पण दुसऱ्या दिवशी मोजे धुवायला टाकले ते जोडी बांधून. मग अभिमनला घेऊन डोळ्याच्या दवाखान्यात गेला. पुढच्या मंगळवारी उजवा डोळा करायचा ठरलाय.

तू यायचं म्हणशील. अजून येऊ नकोस. त्यानं बोलावल्याशिवाय आलीस तर तो तुला पट्टी बांधलेला दिसेल, आणि ते त्याला सोसणार नाही. मी आहे. तुझी आई आहे.

तुझी आजी


धुळे, २७ जुलै

नूतन,

अक्षर बघून दचकू नकोस. हात तुझ्या बापाचा आहे. अक्षर मोठं आहे कारण नव्या चष्म्याचा नंबर अजून यायचाय. सुलक्षणा बाजारात गेली आहे आणि मी म्हटलं, तू रिकामा बसला आहेस, लिही. तो म्हणाला, "मी?" मी म्हटलं, "इथं दुसरा कुणी शिकलेला दिसतो का?"

पट्टी सुटली त्या दिवसाचं सांगते. घरी आल्यावर त्यानं आधी भिंतीकडे बघितलं आणि सुलक्षणाला विचारलं, "रंग कधी दिला?" भिंतीला तीन वर्षांत रंग नाही. मग आरशापुढं गेला आणि स्वतःचे केस बघून खचला. मी म्हटलं, पांढरे आहेत, पिवळे नव्हते कधी.

दोन दिवस मी काही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चारही फोटो मांडले, उलटसुलट करून, कुठला पहिला ते कळू नये असे. तो उकिडवा बसला. चौथा आधी हातात आला.

"हा कुणी बिघडवला? नीळ सांडली का?"

"तू," मी म्हटलं.

तो हे लिहायला तयार नव्हता. लिही म्हटलं. लिहिलंय ना? खूण दाखव. हं.

मग तिसरा बाजूला ठेवला, दुसरा ठेवला. एक हातात राहिला. बराच वेळ बघत होता. उजवा डोळा मिटून बघितला, मग डावा मिटून. असं खूप वेळा केलं. शेजारची बाई जाताना बघत होती, तिला वाटलं असेल हा तिला डोळा मारतोय. तिनं पदर नीट केला.

शेवटी म्हणाला, "पीठ पिठासारखं आहे, माय. गोंदण बघ. काळ्यात सुद्धा हिरवं असल्यासारखं वाटतं, पण हिरवं नाहीये. हे मला डार्करूमच्या ट्रेमध्ये कधी जमलं नव्हतं." मग फोटो पालथा केला. मागं त्याच्याच पेन्सिलीनं हळदीचं लिहिलेलं होतं. तो पहिला होता.

त्यानं खोडरबर मागितलं. मी दिलं नाही. राहू दे म्हटलं.

आता माझं म्हणणं. तो फोटो चौकटीत गेला तरी मी आहे तोवर भिंतीवर लावायचा नाही. पेटीत ठेवा. मी अधूनमधून काढून बघेन, मला मी आवडते. निळा फोटो त्याच्या कपाटाला आतून लावलाय, डावा डोळा व्हायचाय तोवर तो रोज सकाळी एकेका डोळ्यानं बघतो आणि मोजे घालतो.

पुढच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी दळायच्या गव्हात घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाची मूठ पडते. यंदा मी तुझ्या नावाची टाकणार आहे. भाऊबंद विचारतील तर सांगेन, म्हातारीला मोजता येत नाही. भाजीला गंगाफळ आणलंय. तू शनिवारी निघ. हे मी म्हणत नाही. लिहिणारा मान हलवतोय, ते तुला पत्रातून दिसणार नाही म्हणून सांगितलं.

आणि येताना ती इस्त्री घेऊन ये. प्रोफाइल शिकायला माणसाला फार वेळ लागतो का, असं त्याला विचारायचं आहे. तो विचारणार नाही, म्हणून मी विचारते. डब्यातली बाकीची निगेटिव्ह त्यानं पुसून ओळीनं लावली आहेत.

आशीर्वाद.

तुझी आजी,
ताईबाई

(तो म्हणतो, "खाली एक ओळ माझ्या मनानं लिहितो, माय, तुला वाचून दाखवणार नाही." मला अक्षर येत नाही याचा आजवर कुणी असा फायदा घेतला नव्हता. घेऊ दे.)

नूतन, पहिला फोटो बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वीचाही होता. – नाना